खोगीरभरती

आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी घोडेस्वार नेहमी कमरेच्या वरच पाहिला. हातातली तलवार, डोक्यावरचे पागोटे, चेहऱ्यावरचे तेज, सगळे लिहून ठेवले. पण दिवसभर दौड मारून उतरल्यावर त्या बिचाऱ्याला रात्री नीट मांडी घालून बसता येत होते की नाही, याबद्दल बखरी गप्प आहेत. आमच्या माजलगावापासून फार लांब नाही, गोदावरीच्या काठाला, गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तारीख ठाऊक आहे, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला हेही ठाऊक आहे. पण ऐन पावसाळ्यात, ओल्या खोगिरावर बसून ही मंडळी तिथवर आली कशी, आणि बसली कशी, हा प्रश्न शाळेत मला कोणी विचारला नाही. माझ्या मनात तो आला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा मी लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल घ्यायचे ठरवले तेव्हा.

भाषेने मात्र या बाबतीत एक नोंद ठेवली आहे. ती म्हणजे 'खोगीरभरती'. खोगिराला फुगवटा यावा म्हणून आत चिंध्या, काथ्या, हाताला लागेल ते कोंबत असत. त्यावरून कुठल्याही निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. बघा हं गंमत. अख्खी फौज ज्याच्यावर बसली, ज्याच्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घोड्यावर चढू शकली, त्या वस्तूची आपण शिवी करून टाकली! आराम या गोष्टीकडे बघण्याची आपली तऱ्हा या एका शब्दात आली. तलवारीवर पोवाडे झाले. खोगिराच्या वाट्याला वाक्प्रचार आला, आणि तोही असा.

तर सांगायचे म्हणजे, मला जी मोटारसायकल हवी आहे तिच्या जातीला बाजारात 'क्रूझर' म्हणतात. मूळ शब्द समुद्रावरचा. माजलगावला समुद्र नाही, सिंदफणेवरचे धरण आहे. पण रस्ता आहे. कल्याणकडून माळशेज घाट चढून, नगर आणि पाथर्डी करत आमच्या गावात शिरणारा आणि पुढे पाथरी, परभणी, नांदेडवरून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१. रेल्वे आम्हाला नाही. जिल्ह्याच्या गावाला, बीडला, रेल्वे यायलाच २०२५ साल उजाडले. तिथून आमच्यापर्यंत ती येईल तेव्हा मी पेन्शनर असेन आणि मला खालचा बर्थ मिळेल, एवढेच. तोवर जे काय लांब जायचे ते रस्त्यानेच.

ही बातमी शाखेत फुटली तेव्हा आमच्या हेडकॅशियरांनी नोटा मोजणे थांबवले. त्यांनी नोटा मोजणे थांबवणे ही आमच्या शाखेतली मोठीच घटना.

"कशासाठी घेताय म्हणे?"

"आरामात लांब जाता यावं म्हणून."

"आराम करायचाय तर घरी करा की," ते म्हणाले, "त्याला पेट्रोल लागत नाही."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे एखादी वस्तू घ्यायची म्हटली की मला आधी तिचा जुना हिशेब बघावा लागतो. म्हणून हा इतिहास.

आपल्या देशात दुचाकी 'निवडणे' ही क्रिया फार अलीकडची आहे. पूर्वी दुचाकी निवडत नसत, तिची वाट बघत. बजाज कंपनीला स्कूटर बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला, इटलीच्या पियाजोशी करार झाला, आणि १९७२ पासून 'चेतक' रस्त्यावर आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव स्कूटरला देण्यात मोठीच कल्पकता होती, कारण घोडाही इतका काळ कोणाला थांबावे लागले नसेल. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे थांबायचे. लग्न ठरताना नोंदवलेली स्कूटर मुलाच्या जावळाला आली तरी लोक पेढे वाटत. अशी गाडी दारात आल्यावर तिची सीट टणक आहे असे म्हणणे म्हणजे नवसाने झालेल्या मुलाचे नाक नकटे आहे असे म्हणण्यासारखे होते.

त्याच १९७२ साली नगर-पुण्याकडच्या फिरोदियांची लूना आली. तिने मध्यमवर्गाला सायकलवरून उतरवले, पण पॅडल मात्र हातचे राखून ठेवले. न जाणो, पुन्हा वेळ आलीच तर. मोटारसायकलींमध्ये इंग्लंडहून आलेली बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली होती. म्हैसूरची जावा होती, तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत होती. राजदूतीवर दुधाचे कॅन बसत, बुलेटवर फौजदार बसत. १९७३ साली 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर आणि डिंपल एका बुटक्या राजदूतीवरून हिंडले. त्या गाडीला जन्मभर 'बॉबी' हेच नाव पडले. पण त्या दोघांना तिच्यावर आरामात बसता येत होते का, असे प्रेक्षकांतल्या कोणाच्या मनातही आले नाही. त्या वयात ते येतही नसते.

मग १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची सीडी आली आणि देशाला एक नवा प्रश्न मिळाला. आजही नवी गाडी घेऊन गल्लीत शिरलात की पहिला भेटणारा माणूस तो प्रश्न विचारतो: "ॲव्हरेज किती देते?" दुसरा विचारतो, "विकायला काढली तर किती येतील?" म्हणजे गाडी घेतली त्याच दिवशी तिच्या तेराव्याचा हिशेब! "बसायला कशी आहे?" असे विचारणारा तिसरा माणूस मला बावीस वर्षांच्या नोकरीत भेटलेला नाही. दुचाकीचे कर्ज वाटणाऱ्या टेबलावर मी सहा वर्षे काढली आहेत, तेव्हा हे मी अधिकाराने सांगतो.

आता थोडे अमेरिकेकडे जाऊ, कारण ही आरामखुर्ची मूळची तिकडची. १९०३ साली मिलवॉकी गावात हार्ली आणि डेव्हिडसन या नावांच्या तरुणांनी एका छपरात मोटारसायकलीचा उद्योग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यासाठी सुमारे ९०,००० गाड्या बनवल्या. युद्ध संपले, आणि त्यांतल्या आपल्याकडे राहिलेल्या काही गाड्यांचे दिल्लीकरांनी जे केले ते वाचून मला फार अभिमान वाटला. त्यांनी हार्लीला मागे दोन चाके आणि एक डबा जोडला, त्यात आठ-दहा माणसे कोंबली आणि भाडे घेतले. या वाहनाचे नाव 'फटफट सेवा'. १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणाने कोर्टाच्या आदेशावरून ही सेवा थांबली. म्हणजे ज्या गाडीवर अमेरिकेत एक माणूस पाय पसरून बसायचा, तिच्यावर आपण पन्नास वर्षे सहकारी तत्त्वावर बसलो.

अमेरिकेतला रस्ता हा असा, की सकाळी सरळ निघालात तर संध्याकाळपर्यंत वळण नाही. अशा रस्त्यावर हँडल वळवणे हे काम दुय्यम; बसून राहणे हेच मुख्य काम. म्हणून गाडी लांब झाली, सीट खाली गेली, पाय पुढे आले आणि हँडल आपण होऊन स्वाराच्या हाताशी आले. १९६९ साली 'ईझी रायडर' नावाच्या सिनेमाने या बैठकीला तरुणाईची कीर्ती मिळवून दिली. १९७१ मध्ये हार्लीने त्याच धर्तीची गाडी कारखान्यातूनच तयार करून विकायला काढली. मग जपानी मंडळी उतरली. यामाहा, होंडा, कावासाकी, सगळ्यांनी तशाच गाड्या काढल्या, आणि त्या इतक्या खपू लागल्या की १९८३ साली रेगनसाहेबांनी सातशे सीसीच्या वरच्या परदेशी मोटारसायकलींवर जबर जादा जकात बसवली. मुक्त व्यापाराचे एवढे मोठे पुरस्कर्ते. पण प्रश्न बुडाखाली आला की तत्त्व थोडे सरकून बसते.

आपल्याकडे खरी हार्ली येण्याची कथा तर आमच्या कोकणी बांधवांनी मखरात बसवावी अशी आहे. वर्षानुवर्षे अमेरिका आपला आंबा घेत नव्हती आणि आपल्या नियमांत त्यांची मोठी मोटारसायकल बसत नव्हती. एप्रिल २००७ मध्ये तडजोड झाली: त्यांनी आंब्याला दार उघडले, आपण फटफटीला. हापूस गेला, हार्ली आली. २००९ मध्ये कंपनीने भारतात येण्याचे जाहीर केले, २०१० मध्ये दुकाने उघडली, २०२० मध्ये गाशा गुंडाळला, आणि २०२३ मध्ये हिरो कंपनीच्या हाताला धरून ४४० सीसीची एक धाकटी गाडी घेऊन ती पुन्हा आली. आमच्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या बदल्यात अजून कोणी साधी मोपेडसुद्धा देऊ केलेली नाही.

मात्र मध्यमवर्गाच्या आवाक्यातली पहिली आरामशीर मोटारसायकल आंब्याच्या बदल्यात आली नाही. ती आपल्याच पुण्यातून आली. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीच्या सहकार्याने २००१ साली 'एलिमिनेटर' काढली, १७५ सीसीची. दिसायला अमेरिकन, डोके जपानी, पत्ता पिंपरी-चिंचवड. दुसऱ्याच वर्षी मद्रासच्या एनफिल्डने 'थंडरबर्ड' आणली आणि यामाहाने सव्वाशे सीसीची 'एन्टायसर'. २००५ मध्ये बजाजने एलिमिनेटरच्या सांगाड्यात आपल्या पल्सरचे इंजिन बसवले आणि 'ॲव्हेंजर' नाव दिले. पुढे ती २००ची झाली, मग २२०ची. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या गाड्या तर काही वर्षे आपल्या वाईला जोडल्या जात. ढोल्या गणपतीच्या गावात क्रूझर जोडली जावी हेही एका अर्थी योग्यच, कारण बैठक म्हणजे काय हे त्या मूर्तीइतके कोणाला कळले आहे?

सांगायचे काय, तर पहिला चेतक आणि पहिली एलिमिनेटर यांच्यामध्ये जवळजवळ तीस वर्षे गेली. भारतीय माणसाला पाठ आहे, हे कारखानदारीच्या लक्षात यायला तीस वर्षे लागली.

इथवर हिशेब झाल्यावर मी आमच्या मेस्त्रीकडे गेलो. मोंढ्याच्या रस्त्यावर लिंबाखाली त्याचे दुकान आहे. तो इंजिनाच्या आवाजावरून गाडीच्या मालकाचा स्वभाव सांगतो. मी त्याला एका दमात सगळा इतिहास ऐकवला. त्याने स्पोक ओढता ओढता ऐकून घेतले आणि म्हणाला, "सायेब, ते अमेरिकेचं खरंय. पन आपल्या गढीच्या रस्त्याला पाय फुडं टाकून बसलं, की खड्ड्यातला हादरा जातो कुठं ते सांगा."

मला सांगता येईना.

"उभं ऱ्हाता येत नाय ना मग," तो म्हणाला. "सादी गाडी आसली की पाय खाली ऱ्हातेत. खड्डा दिसला का मानूस रकाबावर भार देऊन जरा उचलतो. घोड्यावानी. फुडं पाय आसले की उचलायचं कशानं? सगळा हादरा माकडहाडाला."

बोलता बोलता मेस्त्रीने मला क्रूझरशास्त्राचे सार सांगितले होते. पुढे मी जे जे वाचले ते त्याच्या त्या चार वाक्यांचे भाष्य होते. मोटारसायकलीवरच्या आरामाचा एक त्रिकोण असतो: हँडल, सीट आणि पाय ठेवायची जागा. हे तीन बिंदू जसे असतील तसा माणसाचा भार वाटला जातो. शर्यतीच्या गाडीवर तो मनगटांवर येतो, साध्या गाडीवर सीट आणि पाय यांच्यात वाटला जातो, आणि पाय फार पुढे गेले की जवळजवळ सगळा पाठीच्या मणक्याच्या शेवटच्या टोकावर. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हे सुख; खड्ड्यात तीच शिक्षा. शिवाय मऊ सीट म्हणजे आरामाची सीट हाही एक समजच. फार मऊ फोम तासाभरात दबून खालच्या पत्र्याला टेकतो, आणि मग आपण सीटवर नाही, पत्र्यावर बसतो. खोगिरात चिंध्या कोंबणारे जुने लोक त्या घट्ट कोंबत ते काही उगाच नाही.

मग थरथर. जुन्या बुलेटला एकच मोठा पिस्टन, आणि त्याचा तोल सांभाळणारा वेगळा दांडा नाही. तिच्यावर शंभर किलोमीटर गेलेला माणूस चहाचा कप हातात घेई तेव्हा बशीतच अर्धा सांडे. २०२० साली आलेल्या 'मीटिओर' या ३४९ सीसीच्या गाडीत असा तोल सांभाळणारा दांडा घातला आणि ती थरथर बरीच निवळली. माणसाच्या आयुष्यातही असा एखादा दांडा असतो; पण त्याच्याकडे मी पुढे येतो.

आता आकडे. वाणिज्याचा माणूस आकड्यांशिवाय झोपत नाही. ॲव्हेंजर २२०ची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर उंच, मीटिओरची ७६५. माझी उंची मराठवाड्याच्या पावसासारखी, सरासरीच्या जरा खाली. म्हणून सिग्नलला दोन्ही पाय टेकणे मला महत्त्वाचे. मीटिओरचे वजन १९१ किलो. तिची थोरली बहीण, ६५० सीसीची, २०२३ साली आली, ती २४१ किलो. म्हणजे दोन क्विंटल ज्वारी आणि वर एक शाळकरी मुलगा. ती रस्त्यावर धावताना फुलासारखी वाटते असे म्हणतात. माझा प्रश्न ती उताराच्या बाजूला पार्क केल्यावर मागे कोण ओढणार हा आहे. टाकी १५ लिटरची असेल आणि लिटरला ३५ धरले तर ५२५ किलोमीटर. म्हणजे माजलगावहून भरून निघालो तर पुण्याच्या पलीकडे. लांबी म्हणाल तर क्रूझरच्या दोन चाकांतले अंतरच दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे आमच्या गल्लीत ती वळवायची तर आधी समोरच्यांची परवानगी काढून त्यांच्या ओसरीत पुढचे चाक घालावे लागेल. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचे. अमेरिकेतल्या त्या सरळ रस्त्यावर ऊस पडलेला नसतो.

याचा अर्थ इतकाच झाला की प्रत्येक आरामशीर गाडी ही कोणाच्या तरी रस्त्यावर आरामशीर असते. दुसऱ्याचा रस्ता आपल्याकडे आणता येत नाही. तेव्हा गाडी आपल्या रस्त्याच्या मापाने घ्यायची: पाय पुढे, पण फार पुढे नाहीत, सीट खाली, पण गतिरोधकाला पोट घासेल इतकी नाही, इंजिन मोठे, पण पंक्चर झाल्यावर ढकलता येईल इतपत. हा सगळा ताळेबंद मी एका फुलस्केपवर मांडला, डावीकडे येणे, उजवीकडे देणे, आणि रात्री जेवताना सौभाग्यवतींसमोर ठेवला.

तिने तो वरून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "अहो, यात मी कुठाय?"

आता त्या तोल सांभाळणाऱ्या दांड्याकडे येतो.

बावीस वर्षे ती माझ्या मागे बसते आहे. इतिहासाच्या पुस्तकात मागच्या सीटला एक ओळही नाही, म्हणून ती इथे लिहितो. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती बसली तेव्हा हातात फक्त पर्स होती. मग मांडीवर मुलगी आली. मग मांडीवर मुलगी, मध्ये दप्तर आणि हातात डबा. तिने मागच्या सीटवर बसून एक टेबलफॅन, दोन कुंड्या, दिवाळीतला सबंध फराळ आणि एकदा आमच्या आत्याबाईंच्या घरचा पंचवीस किलोचा तांदूळ वाहून आणला आहे. पाऊस मी तिच्या आधी झेलतो असे मला वाटे. पण चिखल तिच्या एकटीच्या वाट्याला येई. आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघे त्या महामार्ग ६१ वरून या बाजूला गढीपर्यंत आणि त्या बाजूला परभणीपर्यंत गेलो. कामाला. लग्नाला. दवाखान्यात. मातीला.

मुलगी यंदा शिकायला पुण्याला गेली. तिची मांडी पहिल्यांदाच मोकळी झाली.

"मला एकदा बघायचंय," ती म्हणाली, "हा रस्ता येतो कुठून ते. इतकी वर्षं दारावरून जातोय. माळशेजच्या घाटात म्हणे ढग खाली उतरतात. आपल्याकडे ते वरूनच जातात."

बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथल्या विक्रेत्याने आपले काम मनापासून केले आणि तरी त्याची फजिती झाली. त्याने मला पुढे बसवले, हँडल हातात दिले आणि सीसी, टॉर्क, एबीएस असे जे काय असते ते सगळे सांगितले. तोवर सौभाग्यवती मागे चढून बसल्या. आणि बसूनच राहिल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. विक्रेत्याने चहा मागवला. तो आला, संपला. वीस मिनिटांनी ती उतरली आणि म्हणाली, "ही नको. यावर पर्स बसेल, मी नाही." आरामाच्या गाडीचा सगळा आराम पुढच्या सीटवर खर्च झाला होता, मागे पाटाएवढा तुकडा ठेवला होता, उतरता. दुसऱ्या गाडीला पाठ टेकायला जागा होती, पण पाय ठेवायची जागा इतकी वर, की गुडघे हनुवटीला लागत. तिसऱ्या गाडीवर चढण्याआधी तिने तीनच प्रश्न विचारले:

"धरायचं कुठं? पाय कुठं ठेवायचा? पदर चाकात जाणार नाही ना?"

मी चमकलो, कारण हे तीन प्रश्न मी छापील पाहिले होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम क्रमांक १२३. मोटारसायकलीला मागच्या माणसासाठी धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारी जाळी हवी, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकणार नाहीत. पुढे बसणाऱ्याची पाठ दुखू नये म्हणून मी कुठलाही नियम पाहिलेला नाही. मागे बसणाऱ्या बाईचा पदर मात्र भारत सरकारने ध्यानात ठेवला आहे. आमच्या हिने नियम वाचलेला नव्हता; बावीस वर्षे तो जगलेली होती.

विक्रेता धीर करून म्हणाला, "मॅडम, लाँग राइडला लेडीज शक्यतो जीन्सच घालतात."

"बावीस वर्षं साडीतच बसलेय," ती म्हणाली. "गाडी बदलायचीय, मला नाही."

तिसऱ्या गाडीवर ती पस्तीस मिनिटे बसली. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक येऊन, गाडी ठरवून, नारळ फोडून गेले. शेवटी तिने डोळे मिटले, पाठ मागे टेकवली आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले. मी आरशातून पाहत होतो. तिचे हात असे रिकामे मी गाडीवर कधी पाहिले नव्हते. कुठली गाडी घ्यायची तो प्रश्न तिथे सुटला. साडेतीनशे सीसीची आहे, मध्यम आहे, ॲव्हरेज बरे आहे. अधिक चौकशी गल्लीतले लोक करतीलच.

तेव्हा लांबच्या प्रवासाला मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांना इतिहासाचा एवढाच सल्ला: गाडी निवडताना पुढे बसून निवडू नका. पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो, वारा लागतो, लोक बघतात. त्याला लाकडावर बसवले तरी तो खूष असतो. गाडीची खरी परीक्षा मागे होते. जो मागे बसणार त्याला अर्धा तास नुसते बसू द्या आणि आपण गप्प राहा. अर्ध्या तासात सगळे कळते, खोगीर कोणते आणि भरती कोणती.

सोमवारी मी कर्जाचा अर्ज भरला. आमच्या अर्जात 'कर्जाचा हेतू' असा एक रकाना असतो. सहा वर्षे मी तो दुसऱ्यांचा वाचत आलो आहे: 'शेतीकामासाठी', 'नोकरीनिमित्त ये-जा', 'दूध वाहतूक'. मी तिथे लिहिले: 'आरामात बसणे. दोन व्यक्ती.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढला, कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधले आणि म्हणाले, "अहो, याला कोड नाही. 'इतर' टाकू का?"

म्हटले, टाका.